गाडीतला स्टिरिओ दगा देतोय? आधी वायर तपासा, मग वस्तू बदला

गणपतीला गावी निघालो होतो. कशेडी घाट उतरलो आणि स्टिरिओ बंद पडला. दोन मिनिटांनी आपोआप सुरू झाला. आवाज जरा वाढवला की पुन्हा बंद. गावाजवळच्या एका दुकानात दाखवला, तर त्यांनी मल्टिमीटर लावला, "करंट बरोबर येतोय, सेट गेलाय" असं सांगितलं आणि नवा सेट बसवून दिला. परतीच्या वाटेवर नवा सेटही तसाच बंद पडला.

घरी आल्यावर सेट बाहेर काढला. मल्टिमीटरचं काळं टोक चार मीटर वायर जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेलं, लाल टोक सेटच्या काळ्या वायरच्या जॉइंटवर धरलं आणि मुलाला आवाज वाढवायला सांगितलं. जिथे जवळपास शून्य दिसायला हवं तिथे २.१ व्होल्ट दिसले. सेटचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीच्या निगेटिव्हला मिळणारी ती काळी वायर, डॅशबोर्डमागच्या एका पट्टीला स्क्रूने आवळलेली होती आणि त्या पट्टीवरचा रंग कोणी खरवडलाच नव्हता. स्क्रूच्या आट्यांपुरता जेवढा धातू टेकला होता, तेवढ्यावर सगळा कारभार चालला होता. जुना सेट अगदी ठणठणीत होता. तो आजही माझ्याकडे आहे.

दुकानातला मीटर खोटं बोलत नव्हता. सेट वाजत नसताना वायरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे कुजका जॉइंटही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. नळाला धार दिसते, पण बादली खाली ठेवली की भरतच नाही, तसं आहे हे. म्हणून या लेखात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येईल: तपासणी वायरवर भार टाकून करायची.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, चार-पाच मीटर लांब सुटी वायर, १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल, पॉलिश पेपर, १० नंबरचा पाना, कापडी टेप आणि हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसून जॉइंटवर घट्ट बसणारी नळी). डॅशबोर्डची पॅनेलं उघडायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या घ्याच. स्क्रू ड्रायव्हरने उचकलं की कडेला ओरखडा पडतो आणि तो रोज डोळ्यांसमोर राहतो.

२१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. एवढ्यानेच कमजोर जॉइंट उघडा पडतो. मीटर १२ दाखवतोय आणि बल्ब मिणमिणतोय, तर दोष त्या वायरमध्ये आहे, पुढे शोधायची गरज नाही.

एक ताकीद मात्र मनापासून. पिवळ्या स्लीव्हमधल्या किंवा पिवळ्या कपलरच्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खोबणीच्या) वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना बल्ब नाही, मीटर नाही, बोटसुद्धा नाही. स्टिअरिंगमागे आणि काही गाड्यांत पुढच्या खांबाच्या आवरणाखालीही त्या असतात. कुठलीही वायर कापण्याआधी किंवा जोडण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट होतो. कंपनीचा मूळ सेट असेल तर बॅटरी काढल्यावर तो कोड मागू शकतो, म्हणून कोड आधीच शोधून ठेवा.

पहिली पायरी: बॅटरी आणि फ्यूज

इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या जवळ दिसायला हवेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो, तिथे हा आकडा खाली-वर होतो, घाबरू नका. पण इंजिन बंद असताना १२ च्या खाली असेल तर स्टिरिओला दोष देण्याआधी बॅटरी बघा.

फ्यूज डोळ्यांनी बघून "चांगला आहे" म्हणू नका. पातीच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटरचं काळं टोक बॉडीला लावा आणि लाल टोक आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांवर टेकवा. दोन्हीकडे १२ व्होल्ट आले तर फ्यूज शाबूत, एकीकडेच आले तर उडालेला. स्टिरिओचे फ्यूज दोन ठिकाणी असतात: गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये आणि सेटच्या पाठीवर. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा.

फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावणं हे मला सगळ्यात चीड आणणारं काम आहे. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो उडत राहतो याचा अर्थ कुठेतरी शॉर्ट आहे, आणि मोठा फ्यूज लावल्यावर त्याच्याऐवजी डॅशबोर्डमागची वायर जळते.

दुसरी पायरी: कपलरवरच्या तीन वायरी

सेटला जगायला तीनच वायरी लागतात. बाजारातल्या सेटवर त्यांचे रंग ठरलेले असतात. पिवळी कायम १२ व्होल्ट, त्यावर घड्याळ आणि साठवलेले चॅनेल जिवंत राहतात. लाल चावीने येणारी. काळी अर्थिंगची. निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करण्यासाठी, नारिंगी दिव्यांबरोबर डिस्प्ले मंद करण्यासाठी. हे रंग सेटच्या बाजूचे आहेत. गाडीच्या बाजूला प्रत्येक कंपनीचे रंग निराळे, तिथे रंगावर विश्वास ठेवून वायर जोडू नका. मोजा.

अनेक गाड्यांत आयएसओ पद्धतीचे आठ-आठ पिनांचे दोन कपलर असतात. 'ए' कपलर पॉवरचा: ४ नंबरची पिन कायम १२ व्होल्ट, ५ अँटेना, ६ दिव्यांची, ७ चावीची, ८ अर्थिंग. 'बी' कपलर स्पीकरचा, त्यात दोन-दोन पिनांच्या चार जोड्या: मागचा उजवा, पुढचा उजवा, पुढचा डावा, मागचा डावा. त्यांच्यासाठी सेटच्या वायरी त्याच क्रमाने जांभळी, राखाडी, पांढरी आणि हिरवी. काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह.

आता कपलर सेटला जोडलेला असतानाच, मागून पिनेला टोक टेकवून मोजा. चावी बंद: पिवळीवर १२, लालवर शून्य. चावी पहिल्या खटक्यावर: दोन्हीवर १२. यावरून बरीच कोडी सुटतात.

चावी काढली की चॅनेल आणि घड्याळ पुसलं जातं? पिवळी आणि लाल उलट जोडल्या आहेत. काही युरोपीय गाड्यांत ४ आणि ७ नंबरच्या पिनांचा अर्थ उलटा असतो, म्हणून तयार अडॅप्टरवर त्या दोन वायरींना अदलाबदलीची सोय दिलेली असते. चावी काढूनही सेट बंद होत नाही? बहुधा दोन्ही एकत्र पिळून टेप मारली आहे. चावीने येणारी वायर सापडतच नाही? बऱ्याच नव्या गाड्यांत ती नसतेच, चावी फिरल्याचा संदेश डेटा वायरीवरून जातो आणि तिथे त्या गाडीचा खास अडॅप्टर घ्यावाच लागतो. डेटाच्या वायरीवर बल्ब लावून बघायचा मोह आवरा.

मग भाराची परीक्षा. सेट जोरात वाजवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं पिवळ्या वायरीच्या पिनेवर ठेवा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवताहेत. अर्धा व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. नंतर अर्थिंगची बाजू: बॅटरीचा निगेटिव्ह ते काळी वायर. इथे ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त आलं तर जॉइंट एकेक करून पुढे सरका. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा एकदम उडी मारतो, दोष त्यांच्याच मध्ये.

हिशेब सोपा आहे. जॉइंटचा रेझिस्टन्स फक्त ०.२ ओहम असेल आणि सेट १० अँपिअर ओढत असेल, तर २ व्होल्ट तिथेच खलास. साधा मीटर ०.२ ओहम नीट दाखवतही नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स जवळपास तेवढाच असतो. म्हणून जॉइंट ओहमवर मोजू नका, व्होल्ट हरवतात का ते बघा.

कोकणात आणि खाडीकिनाऱ्याच्या गावांत दुसरा शत्रू म्हणजे कळंक. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की हिरवा थर चढतो, तसाच तो तांब्याच्या वायरीवर चढतो आणि इन्सुलेशनच्या आत इंच-दोन इंच सरकतो. वायर सोलल्यावर तांबं काळं किंवा हिरवट दिसलं, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. घासून जोडलेली कळकलेली वायर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रडवते.

तिसरी पायरी: स्पीकर

एक स्पीकर बंद असेल तर आधी सेटवरच फेड (पुढे-मागे) आणि बॅलन्स (डावा-उजवा) फिरवून नक्की कोणता ते ठरवा. मग सेटच्या मागे त्या स्पीकरच्या जोडीची दुसऱ्या चालू जोडीशी अदलाबदल करा. दोष स्पीकरबरोबर राहिला तर वायर किंवा स्पीकर वाईट. दुसऱ्या बाजूला गेला तर सेटचं ते आउटपुट गेलं.

आता कपलर सेटपासून सोडवा आणि जोडीवर ओहम मोजा. ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर वायर तुटली किंवा कॉइल उडाली. शून्याच्या जवळ असेल तर दोन वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. मग प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात मोजा. तिथे काहीही जोड दिसता कामा नये.

का, ते समजून घ्या. आजच्या सेटमध्ये स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे अर्थिंग नव्हे. दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहा व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि आवाज दोघींच्या फरकातून निर्माण होतो. म्हणून दोन्हींच्या मध्ये मोजलं तर शून्याजवळ यायला हवं. निगेटिव्ह वायर बॉडीला टेकली तर सेट स्वतःला वाचवण्यासाठी चारही स्पीकर गप्प करतो. जुन्या गाड्यांत चारही निगेटिव्ह एकत्र बांधायची पद्धत होती. ती आज वापरली तर सेटचा बळी जातो.

वायर सगळ्यात जास्त कुठे तुटते? दार आणि खांब यांच्यामधल्या काळ्या रबरी नळीत. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, आतलं तांबं तुटतं आणि बाहेरचं इन्सुलेशन मात्र अखंड राहतं. बघून काही कळत नाही. मीटर स्पीकरच्या जोडीवर लावून ठेवा, दार हळूहळू उघडा-मिटा आणि आकडा नाचतो का बघा. नाचला तर रबर मागे सरकवून वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढा. तुटलेल्या जागी ती रबरबँडसारखी ताणली जाते. एकदा बोटांना कळलं की विसरायचं नाही. नळीच्या आतच जॉइंट मारू नका, पुन्हा तिथेच तुटेल. दोन्ही बाजूंना सरळ जागेपर्यंत नवी वायर घाला आणि जॉइंट नळीच्या बाहेर ठेवा.

दुसरी जागा दाराच्या पोटात. काच खाली केली की सगळे स्पीकर बंद, वर केली की सुरू, असं होत असेल तर काचेच्या यंत्रणेने स्पीकरच्या वायरीचं इन्सुलेशन कापलं आहे आणि ती बॉडीला टेकते आहे. वायर क्लिपने दाराच्या पत्र्याला बांधा. आणि दार उघडलंच आहे तर खालची पाणी जायची भोकं तुंबली नाहीत ना तेही बघा. जूननंतर तिथे साचलेलं पाणी स्पीकरचा कागद आणि टर्मिनल दोन्ही खातं.

सगळं वाजतंय पण बेस पोकळ वाटतोय? बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेल्यावर बेस वाढतो आणि मध्ये आणला की पळतो, असं असेल तर एक स्पीकर उलटा जोडला आहे. सेटपासून सोडवलेल्या जोडीला पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचा पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हवर. कागद बाहेर उसळला तर जोडणी बरोबर. आत गेला तर उलटी. ट्विटरवर, म्हणजे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर, ही परीक्षा चालत नाही, त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो.

चौथी पायरी: गुणगुण आणि शिट्टी

रेस वाढवली की शिट्टीचा सूर चढतो, तो अल्टरनेटरचा आवाज. याच्यासाठी बाजारात फिल्टर विकतात. तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

आधी फोन चार्जरवरून काढा. चार्जर आणि ऑक्स केबल (फोनमधला आवाज सेटला देणारी) दोन्ही एकदम लावल्यावर येणारी शिट्टी हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. फोन काढल्यावर ती गेली तर गाडीची वायरिंग निर्दोष आहे, ब्लूटूथवर गाणी ऐका.

अँप्लिफायर असेल तर तो बंद करून त्याच्या आरसीए केबल (सेटमधला आवाज अँपकडे नेणाऱ्या) काढा, मग चालू करा. आवाज तरीही येतोय? दोष अँपच्या पॉवरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. गेला? तर तो केबल किंवा सेटकडून येतोय. मग सेटपासून अँपपर्यंत नवी आरसीए केबल गाडीच्या मधून, सीटवरून उघडीच टाकून बघा. शिट्टी गेली तर जुनी केबल पॉवरच्या जाड वायरीला चिकटून गेली आहे. पॉवर एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात.

इथे एक छुपा दोष सांगतो. काही सेटमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याचं अर्थिंग आतल्या एका बारीक फ्यूजमधून जातं. सेट चालू असताना आरसीए काढली-घातली की तो उडू शकतो आणि त्यानंतर शिट्टी कायमची मागे लागते. कडं आणि सेटची पत्र्याची पेटी यांच्यात ओहम मोजा. शून्याजवळ नसेल तर कड्यापासून पेटीपर्यंत एक वायर तात्पुरती लावा. शिट्टी थांबली तर चोर सापडला. यापुढे आरसीएला हात लावण्याआधी सेट बंद करत जा.

एफएमवर फक्त खरखर आणि बाकी सगळं छान? छतावरच्या आखूड अँटेनात बहुतेक वेळा छोटा अँप असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. नवा सेट बसवताना निळी वायर मोकळी सोडलेली असते. ती जोडली की स्टेशनं परत येतात.

अँप्लिफायर

अँपला तीन टर्मिनल: पॉवर, अर्थिंग आणि रिमोट (सेटकडून येणारी, अँप चालू करणारी निळी-पांढरी वायर). तिन्हीवर अँपच्या स्क्रूपाशीच, वाजत असताना मोजा. ५०० वॅट खरी ताकद देणारा क्लास डी अँप पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला बारीक वायर म्हणजे दिवे लुकलुकणार. स्वस्त किटमधली वायर अनेकदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, ती त्याच जाडीत कमी करंट वाहते. सोलून सुरीने खरवडा, आत पांढरं दिसलं तर ओळखा. पॉवर वायरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, कारण अपघातात वायर चिरडली तर फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कोणी वाली नसतो.

अर्थिंगची वायर आखूड, पॉवर वायरएवढीच जाड, डिकीतल्या पत्र्यावर रंग खरवडून, लग (वायरीच्या टोकाला बसवायचं भोकाचं कडं) लावून, बोल्टने. सीटबेल्टच्या बोल्टवर नको. वर ग्रीस किंवा रंग लावा.

अँपवरचा प्रोटेक्टचा दिवा, म्हणजे दोष दिसला म्हणून अँपने स्वतःला बंद केल्याची खूण, लागला तर स्पीकरच्या वायरी काढून पुन्हा चालू करा. दिवा गेला तर शॉर्ट किंवा चुकीचे ओहम स्पीकरकडे: ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात, आणि प्रत्येक अँपला ते झेपत नाहीत.

रातोरात बॅटरी उतरते

सगळं बंद करा. बोनेट उघडंच ठेवा आणि दाराच्या लॉकची कडी स्क्रू ड्रायव्हरने मिटवून गाडीला दार बंद असल्याचं भासवा. अर्धा तास थांबा, गाडीचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर १० अँपिअरच्या जागी लावून बॅटरीचा निगेटिव्ह आणि त्याची वायर यांच्यामध्ये जोडा. मीटर जोडेपर्यंत वायर क्षणभरही सुटू देऊ नका, नाहीतर सगळे कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात. आणि मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, त्याचा फ्यूज जाईल.

५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३०० दिसले तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत स्टार्टर फिरवायला कमी पडते. सेटचा फ्यूज काढा. आकडा पडला तर गुन्हेगार तिथेच: एकत्र बांधलेल्या लाल-पिवळ्या वायरी, किंवा कायम १२ व्होल्टवर जोडलेली अँपची रिमोट वायर.

जॉइंट कसा मारावा

पिळून चिकटपट्टी गुंडाळणं हा जॉइंट नव्हे. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे त्या पट्टीचा गोंद वितळतो, पट्टी सरकते आणि उघड्या वायरी एकमेकींना भेटतात. स्लीव्ह आधी वायरीत सरकवा (हे विसरून जॉइंट झाल्यावर आठवतं), मग क्रिम्प करा (धातूची नळी पक्कडीने दाबून बसवा) किंवा सोल्डरने डाग द्या, स्लीव्ह तापवून बसवा, वर कापडी टेप. शेजारी-शेजारी येणारे जॉइंट दोन-दोन इंच पुढे-मागे ठेवा. मूळ कपलर कधीही कापू नका. अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो आणि गाडी विकताना जुना सेट पाच मिनिटांत परत बसतो.

गाडी बरेच दिवस उभी असते त्यांनी उंदरांचं बघा. कुरतडलेल्या वायरीजवळ लेंड्या आणि इन्सुलेशनचा चुरा असतो. एक वायर सापडली म्हणून थांबू नका, त्याच वाटेने हातभर पुढे-मागे चाचपत जा, बहुतेक वेळा दुसरीही खाल्लेली असते.

सेट परत बसवण्याआधी कपलर नुसता लोंबता जोडून चारही स्पीकर, एफएम, चावी काढल्यावरची आठवण आणि वरच्या आवाजातला अर्थिंगचा आकडा तपासून घ्या. मी कोणत्या वायरीला काय जोडलं ते एका कागदावर लिहितो, फ्यूजचे अँपिअरही लिहितो आणि तो कागद ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवतो. माझ्या गाडीतल्या कागदावर शेवटची ओळ आहे: अर्थिंग, नवा बोल्ट, रंग खरवडला, वाजत असताना ०.०४ व्होल्ट.